सुडोकू अडलं की प्रश्न बदला

सुडोकू सुरुवातीला कधीच अडत नाही. पहिले पंधरा-वीस आकडे भराभर बसतात, चहाचा कप रिकामा होईपर्यंत बराचसा तक्ता भरलेला असतो, आणि मग एकदम सगळं ठप्प. एका रिकाम्या घरावर नजर लावून बसायचं: इथे दोन येईल, सात येईल, नऊही येईल. पुढचं घर बघावं तर तिथेही तीन-चार शक्यता. अशी दहा मिनिटं गेली की एकतर अंदाजपंचे एक आकडा ठोकून द्यायचा, नाहीतर पेपर घडी घालून ठेवायचा आणि ‘आपलं गणित पहिल्यापासूनच कच्चं’ म्हणून मोकळं व्हायचं.

गणिताचा इथे काडीचाही संबंध नाही. एक ते नऊ आकड्यांच्या जागी बांगडा, सुरमई, पापलेट, मोरी अशी नऊ माशांची चित्रं छापली तरी कोडं तेच राहील आणि सुटेलही तसंच. बेरीज नाही, वजाबाकी नाही. नियम एवढाच की नऊ आडव्या ओळी, नऊ उभ्या ओळी आणि तीन बाय तीनच्या नऊ चौकटी, यांतल्या प्रत्येकीत एक ते नऊ हे आकडे एकेकदाच यायला हवेत. या लेखात घराचा पत्ता मी शब्दकोड्यासारखाच देणार आहे. ‘आडवी ३, उभी २’ म्हणजे वरून तिसऱ्या आडव्या ओळीतलं डावीकडून दुसरं घर. कागद-पेन्सिल जवळ असेल तर नऊ बाय नऊचा तक्ता आखून घ्या. पुढची उदाहरणं नुसती वाचून निम्मीच कळतात.

नाव जपानी असलं तरी खेळ जन्मला अमेरिकेत. हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुविशारदाने रचलेलं हे कोडं १९७९ मध्ये डेल कंपनीच्या कोड्यांच्या मासिकात ‘नंबर प्लेस’ या नावाने छापलं गेलं. १९८४ मध्ये माकी काजी यांच्या ‘निकोली’ या कोड्यांच्या प्रकाशनसंस्थेने ते जपानी वाचकांपुढे आणलं आणि तिथे त्याला आताचं नाव मिळालं. मग वेन गूल्ड. हे हाँगकाँगमध्ये न्यायाधीश होते. निवृत्तीनंतर त्यांनी कोडी तयार करणारा संगणक प्रोग्राम लिहिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने त्यांची कोडी छापायला घेतली. पुढच्या वर्षभरात हा खेळ जगभरच्या पेपरांत जाऊन बसला. इतिहास पुरे.

कोकणात सुडोकू घेऊन बसायला रेल्वेसारखी जागा नाही. रोहा ते वीर एवढा टप्पा सोडला तर कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग अजून एकेरी आहे, त्यामुळे क्रॉसिंगला खोळंबणं ठरलेलं. पावसाळी वेळापत्रक लागलं की वेगही उतरतो. आणि साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात शिरल्यावरही कागदावरच्या सुडोकूला रेंज लागत नाही. मागच्या पावसात सावंतवाडीकडे जाणारी पॅसेंजर विलवड्याला अशीच थांबली होती. समोरच्या बाकावर कॉलेजातली एक मुलगी पेपरातलं कोडं घेऊन बसलेली, शेजारी खिडकीपाशी एक वयस्क काका. बराच वेळ पेन चावून झाल्यावर तिने पेपर त्यांच्यापुढे धरला आणि एका घरावर बोट ठेवलं.

‘काकानू, हय काय येतला?’

काकांनी बोट ठेवलेल्या घराकडे पाहिलंच नाही. ‘ता इचारू नको गो,’ ते म्हणाले, ‘पाच खंय जातलो, ता बघ.’

क्रॉसिंगची गाडी यायच्या आत तिचे तीन आकडे बसले. सुडोकू सुधारायचं म्हणजे जे काही करायचं असतं ते सगळं या दोन वाक्यांत आलं.

प्रश्न दोनच आहेत. पहिला: या घरात कोणता आकडा येईल? दुसरा: हा आकडा कोणत्या घरात जाईल? वरवर बघता दोन्ही एकच वाटतात. नवशिका माणूस जन्मभर पहिलाच विचारत राहतो, कारण रिकामं घर डोळ्यांना दिसतं. न बसलेला आकडा दिसत नाही, तो आठवावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. डावीकडची सगळ्यात वरची चौकट, म्हणजे पहिल्या तीन आडव्या आणि पहिल्या तीन उभ्या ओळींची. तिच्यात पाच अजून आलेला नाही. आडवी १ मध्ये उजवीकडे, उभी ७ मध्ये पाच आहे. आडवी २ मध्ये उभी ४ पाशी पाच आहे. म्हणजे आपल्या चौकटीतल्या वरच्या दोन्ही ओळी पाचासाठी बंद झाल्या. त्याला तिसऱ्या आडवीतच जावं लागणार. तिसऱ्या आडवीत चौकटीची तीन घरं आहेत. पहिल्यात आधीच आठ छापलेला आहे. तिसरं घर उभी ३ मध्ये येतं आणि त्या उभीत खाली, आडवी ८ मध्ये, पाच बसलेला आहे. उरलं मधलं: आडवी ३, उभी २. पाच तिथेच.

आता त्याच घराला पहिला प्रश्न विचारून बघा. समजा त्याच्या आडवीत, उभीत आणि चौकटीत मिळून १, ३, ४, ६ आणि ८ एवढे आकडे दिसताहेत. मग तिथे दोन, पाच, सात, नऊ असे चार आकडे चालतील. चार शक्यता म्हणजे ‘इथे काही ठरत नाही’ म्हणून तुम्ही पुढे गेला असता. उत्तर मात्र समोर पडलेलं होतं.

म्हणून कोडं हातात घेतल्यावर घरं चाळू नका, आकडे चाळा. तक्त्यात जो आकडा सगळ्यात जास्त वेळा छापलाय त्याच्यापासून सुरुवात करा. सहा ठिकाणी सात दिसत असेल तर उरलेले तीन सात बसवायला फार कष्ट पडत नाहीत. तीन-तीन चौकटींचे पट्टे पाहायचे: वरचा, मधला, खालचा, मग तेच उभे. एका पट्ट्यातल्या दोन चौकटींत आकडा असेल तर तिसऱ्या चौकटीत त्याला एकच ओळ मोकळी राहते, म्हणजे फार तर तीन घरं. एक आकडा बसला की त्याच आकड्यासाठी शेजारच्या चौकटी लगेच पुन्हा बघायच्या. पुष्कळ जण आकडा लिहून तक्त्याच्या दुसऱ्या टोकाला निघून जातात. नुकत्याच बसलेल्या आकड्याने जवळपास काय काय बंद केलं ते तिथल्या तिथे पाहिलं, तर एकामागून एक तीन-चार घरं सुटतात.

याच नजरेचा पुढचा टप्पा असा. कधी कधी आकडा नेमका कुठे जाणार हे कळत नाही, पण कोणत्या ओळीत जाणार ते कळतं. मधल्या चौकटीत सात दोनच घरांत बसू शकतो असं समजा, आणि ती दोन्ही घरं आडवी ४ मध्ये आहेत: एक उभी ४ मध्ये, एक उभी ६ मध्ये. सात या घरात की त्या, माहीत नाही. पण आडवी ४ चा सात याच चौकटीत खर्ची पडणार, एवढं पक्कं. मग त्या ओळीत चौकटीबाहेर कुठेही सात येणार नाही. उजव्या टोकाला, आडवी ४, उभी ९ मध्ये तीन किंवा सात अशी अडचण होती? तिथे तीन आला. सात अजून बसलेलाच नाही, तरी त्याने एक घर सोडवून दिलं. पेपरात ‘मध्यम’ म्हणून छापलेली बहुतेक कोडी इतक्यावर सुटतात, असा माझा अनुभव आहे.

‘मध्यम’वरून आठवलं. छापलेले आकडे कमी म्हणजे कोडं कठीण, ही समजूत चुकीची आहे. बावीस आकड्यांचं कोडं चटकन सुटू शकतं आणि अठ्ठावीस आकड्यांचं रात्र खातं. आकडे किती यापेक्षा कुठे आणि कोणते, याला महत्त्व. किमान किती आकडे हवेत, याचं उत्तर मात्र मिळालेलं आहे. डब्लिनच्या विद्यापीठातले गॅरी मॅग्वायर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये संगणकावर सगळं पालथं घालून दाखवलं की सतरापेक्षा कमी आकडे दिले तर एकच उत्तर असलेलं कोडं होऊच शकत नाही. पूर्ण भरलेले वेगवेगळे तक्ते किती होतात, हे त्याआधी २००५ मध्ये मोजून झालं होतं. ती संख्या बावीस आकडी आहे. तेव्हा कोडी संपतील ही काळजी नको.

आता बारीक खुणांचा विषय. घराच्या कोपऱ्यात शक्य आकडे लिहून ठेवणं चांगलं की वाईट यावर सुडोकूवाल्यांत वाद चालतो. माझं मत असं: सगळ्या घरांत सगळे शक्य आकडे लिहिणं ही तक्ता खराब करायची हमखास युक्ती. साठ घरांत चार-चार बारकुले आकडे झाले की कोणाला काय दिसणार? थॉमस स्नायडर हा अमेरिकन खेळाडू २००७, २००८ आणि २०११ असा तीन वेळा सुडोकूचा जगज्जेता झाला. त्याची पद्धत त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि ती फार काटकसरीची आहे. एखादा आकडा एखाद्या चौकटीत बरोबर दोनच घरांत बसू शकत असेल, तरच तो त्या दोन घरांच्या कोपऱ्यात लिहायचा. तीन जागा असतील तर काही लिहायचं नाही. या खुणा दुसऱ्या प्रश्नाच्या आहेत, हे ध्यानात घ्या. त्या ‘आकडा कुठे’ हे सांगतात, ‘घरात काय’ हे नाही. एका चौकटीतल्या त्याच दोन घरांत दोन वेगळे आकडे लिहिले गेले, की ती दोन घरं त्या दोन आकड्यांची झाली. तिथे बाकी कोणी येणार नाही. एवढी माहिती दोन बारीक खुणांतून मिळते.

मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी इथेच सांगतो. बऱ्याच ॲपमध्ये एक बटण दाबलं की सगळ्या घरांत सगळ्या शक्यता आपोआप भरल्या जातात. शिकत असाल तर ते बटण विसरा. त्याने तक्ता पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांनी भरून जातो आणि दुसरा प्रश्न विचारायची सवय लागतच नाही.

पुढे गेलं की मात्र संपूर्ण खुणा लिहाव्या लागतात, निदान एखाद्या अडलेल्या ओळीपुरत्या. अशी एक ओळ नीट बघू. आडवी ६ मध्ये पाच घरं रिकामी आहेत आणि यायचे आकडे आहेत २, ४, ६, ८, ९. प्रत्येक घरातल्या शक्यता अशा:

उभी १: २, ६
उभी ३: २, ४, ६, ९
उभी ५: २, ६
उभी ८: ४, ६, ९
उभी ९: २, ४, ८, ९

उभी १ आणि उभी ५ बघा. दोन्ही घरांत फक्त दोन आणि सहा. यातला कोणता कुठे, ते आज सांगता येत नाही, पण दोन आणि सहा या ओळीत दुसरीकडे जाणार नाहीत हे निश्चित. गणपतीला मुंबईहून दोन भाऊ बिऱ्हाडं घेऊन आले आणि त्यांना माडीवरच्या दोन खोल्या दिल्या, असं समजा. पुढची खोली कोणाची आणि मागची कोणाची हे ते आपसात ठरवतील. पण तिसऱ्या पाहुण्याला त्या खोल्या मिळणार नाहीत, आणि ते दोघे पडवीत झोपायला येणार नाहीत. तसंच इथे. उभी ३ मधून दोन आणि सहा खोडा: राहिले ४, ९. उभी ८ मधून सहा खोडा: तिथेही ४, ९. उभी ९ मधून दोन खोडा: ४, ८, ९. आता उभी ३ आणि उभी ८ ही नवी जोडी झाली, चार आणि नऊ त्यांच्यात अडकले. ते उभी ९ मधून खोडले की तिथे उरला आठ. एक घर सुटलं.

आता काकांचा प्रश्न याच ओळीला विचारा. आठ कुठे जाईल? पाच घरांच्या खुणा वरून खाली वाचा. आठ फक्त उभी ९ मध्ये आहे. झालं. दोन जोड्या शोधून, सहा वेळा खोडाखोडी करून जे मिळालं, ते एका नजरेत मिळालं.

हा योगायोग वाटेल, पण तसा तो नाही. पाच रिकाम्या घरांपैकी चार घरांत मिळून चारच आकडे फिरत असतील (इथे २, ४, ६, ९), तर पाचव्या घरात पाचवा आकडा जाणार हे त्यातच आलं. उलट, पाचवा आकडा एकाच घरात बसत असेल तर बाकीच्या चार आकड्यांना बाकीची चार घरंच उरतात. वस्तुस्थिती एकच, बघायच्या बाजू दोन. आणि दोन बाजूंपैकी एक बहुधा लहान असते. ओळीत पाच घरं रिकामी असतील तर चौघांची टोळी शोधण्याऐवजी एकटा शोधावा, तिघांची शोधण्याऐवजी जोडी. नऊच्या नऊ घरं रिकामी असली तरी चारपेक्षा मोठी टोळी शोधायची वेळ कधीच येत नाही, कारण पाचांच्या टोळीची दुसरी बाजू चारांची असते.

टोळ्या शोधताना लोक एका ठिकाणी हमखास फसतात. तीन घरांत तीन आकडे म्हणजे तिन्ही घरांत १, ४, ७ असं सारखं लिहिलेलं हवं, असं त्यांना वाटतं. तसं क्वचित असतं. एका घरात १, ४, दुसऱ्यात ४, ७, तिसऱ्यात १, ७ असलं तरी तिघांत मिळून तीनच आकडे आहेत, आणि नियम तसाच लागू होतो. कोणत्याच घरात तिन्ही आकडे नाहीत, म्हणून ही टोळी नजरेतून सुटते. प्रत्येक घरात दोनच आकडे असलेली घरं आधी हेरा. अशा टोळ्या तिथेच असतात.

आता एक्स-विंग. नाव ऐकून लोक लांब जातात, पण वर जे केलं तेच इथे आहे, फक्त आकड्यांच्या जागी ओळी आल्या. चार हा एकच आकडा घ्या. आडवी २ मध्ये चार फक्त दोन घरांत बसू शकतो: उभी ३ आणि उभी ८. आडवी ७ मध्येही चार नेमका त्याच दोन उभ्यांत बसू शकतो. समजा आडवी २ चा चार उभी ३ मध्ये गेला. मग आडवी ७ मध्ये त्याला उभी ३ मिळणार नाही, तो उभी ८ मध्ये जाईल. उलट झालं तरी तसंच, तिरप्या कोपऱ्यांत. दोन्हींपैकी काहीही होवो, उभी ३ चा चार आणि उभी ८ चा चार या दोन आडव्यांतच लागून गेले. मग या दोन उभ्यांमध्ये आडवी २ आणि ७ सोडून जिथे जिथे चाराची खूण असेल तिथे तिथे ती खोडायची.

दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी. मघाशी दोन घरं, दोन आकडे होते. माडीवरचे भाऊ इथेही तेच आहेत. तीन आडव्या आणि तीन उभ्या घेतल्या की त्याला स्वोर्डफिश म्हणतात. तो समजायला वेगळं काही शिकावं लागत नाही, फक्त डोळे जास्त दुखतात. एक सल्ला: एक्स-विंग शोधताना संपूर्ण खुणांचा तक्ता बघत बसू नका. ज्याचे चार-पाच आकडे बसायचे राहिलेत असा एकच आकडा घ्या आणि एका कोऱ्या तक्त्यात फक्त त्याच्या शक्य जागा ठिपक्यांनी मांडा. आयत आपोआप दिसतो.

आणखी एक युक्ती सांगण्यासारखी आहे, एक्सवाय-विंग. इथे दोन-दोन शक्यतांची तीन घरं लागतात. आडवी ५, उभी ५ मध्ये ३ किंवा ८. त्याच आडवीत, उभी २ मध्ये ३ किंवा ६. मधल्या घराच्याच उभीत खाली, आडवी ८, उभी ५ मध्ये ८ किंवा ६. मधल्या घरात तीन आला तर डावीकडच्या घरात सहा येणार. मधल्या घरात आठ आला तर खालच्या घरात सहा येणार. म्हणजे या दोन टोकांपैकी एकात तरी सहा आहेच. मग जे घर दोन्ही टोकांच्या वाटेत येतं, म्हणजे आडवी ८, उभी २, तिथे सहा येऊ शकत नाही. एका टोकाशी त्याची उभी जुळते, दुसऱ्याशी आडवी. कोड्यात ही रचना सापडल्याचा आनंद वेगळाच असतो. मला एक्स-विंगपेक्षा ती जास्त आवडते.

एक युक्ती मी जाणतो पण फारशी वापरत नाही. दोन आडव्या, दोन उभ्या आणि दोनच चौकटी यांत मिळून आयताची चार घरं आहेत. समजा ती आडवी १ आणि २, उभी ४ आणि ७ यांच्यावर आहेत. तीन कोपऱ्यांत फक्त १, ९ आणि चौथ्यात १, ९, ५. चौथ्यातही एक किंवा नऊच आला तर चारही घरांतले एक आणि नऊ आपसात बदलले तरी कोडं बरोबरच राहील, म्हणजे उत्तरं दोन होतील. चांगल्या कोड्याला उत्तर एकच असतं, म्हणून चौथ्या घरात पाच. तर्क बिनचूक आहे. पण तो कोडं रचणाऱ्याच्या भरवशावर चालतो. एसटी स्टँडवर मिळणाऱ्या स्वस्त पुस्तकांत दोन-दोन उत्तरांची कोडी मी पाहिलेली आहेत, तिथे हा पाच तुम्हाला तोंडघशी पाडेल. स्पर्धेत वेळ वाचवायला मात्र ही युक्ती सर्रास वापरतात.

स्पर्धा आहेत बरं का. पहिली जागतिक स्पर्धा २००६ मध्ये इटलीतल्या लुका शहरात झाली आणि २०१७ ची आपल्याकडे बंगळूरला भरली होती.

अंदाज करावा की नाही, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पेनाने, पेपरवर, मुळीच करू नये. अंदाज चुकला तर ते लगेच कळत नाही. वीस आकडे पुढे गेल्यावर एका ओळीत तीन हा आकडा दोनदा दिसतो, आणि तोवर कोणता आकडा पक्का नि कोणता अंदाजाचा हे कोणालाच आठवत नाही. तसं झालंच तर खाडाखोड करत दुरुस्ती करायच्या फंदात पडू नका, कोऱ्या तक्त्यात छापील आकडे उतरवून नव्याने बसा. ते लवकर होतं. अंदाज आणि चाचणी यांत मात्र फरक आहे. दोनच शक्यता असलेलं घर घ्या, एक शक्यता मनात धरा आणि फक्त तोंडी तीन-चार पावलं पुढे जा. विरोध आला तर दुसरी शक्यता सिद्ध झाली. दोन्ही वाटांनी गेल्यावर एकाच घरात एकच आकडा येत असेल, तर तो आकडा बिनधास्त लिहा. एक्सवाय-विंग हे अशाच चाचणीचं गणवेश घातलेलं रूप आहे.

पुढची पायरी कशी चढायची? पेपरात दुसऱ्या दिवशी उत्तर येतं, पुस्तकात ते मागच्या पानांवर असतं. बहुतेक जण ते बघतात, ‘अरे हो’ म्हणतात आणि पुढच्या कोड्याकडे वळतात. त्याने काही शिकून होत नाही. पूर्ण अडलात की उत्तराच्या तक्त्यातून एकच आकडा उचला, तोही असा की तुमच्या खुणांप्रमाणे त्या घरात दोनच शक्यता उरल्या आहेत. तो लिहू नका. तो तिथे का यावा लागतो, याचं कारण शोधा: आधी त्याची चौकट, मग आडवी, मग उभी, प्रत्येकीला दोन्ही प्रश्न विचारून. कारण सापडलं नाही तर त्याच आकड्याचे ठिपके कोऱ्या तक्त्यात मांडून आयत दिसतो का बघा. तरीही नाही सापडलं, तर मग तो आकडा लिहून पुढे जा, पण त्या घराभोवती गोल करून ठेवा आणि पेपर रद्दीत टाकू नका.